चार अक्षरी नागपूर, 18 बाइट

समजा, कळमना मार्केटमधले संत्र्याचे रोजचे भाव कुणीतरी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टिपून ठेवतंय. दर ओळीत शहर, बहार (फळांचा हंगाम) आणि क्विंटलचा भाव: नागपूर, आंबिया, २४००. अशी फाइल जावा या प्रोग्रामिंग भाषेत कशी वाचायची म्हटलं की पुस्तकं तीन-चार ओळींचा कोड देऊन मोकळी होतात. इंग्रजी मजकुराचं त्यावर भागतं. मराठीचं नाही.

डिस्कवर ‘नागपूर’ हा शब्द नसतोच. तिथे असतात बाइट, म्हणजे 0 ते 255 यांमधले आकडे. आपण चार अक्षरं मोजतो. जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारं युनिकोड सहा मोजतं, कारण काना आणि ऊकार ही त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हं. ते क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून एकूण 18. नुसता ‘न’ घ्या: 224, 164, 168. ‘ग’ घ्या: 224, 164, 151. फरक फक्त शेवटच्या आकड्यात. पण ‘पू’च्या ऊकाराशी आलं की मधला आकडाही बदलतो: 224, 165, 130. युनिकोडने देवनागरीला 128 जागा दिल्या आहेत आणि यूटीएफ-8च्या शेवटच्या बाइटमध्ये 64च मावतात. त्यामुळे अर्धी लिपी 164च्या घरात, अर्धी 165च्या.

आता जावा हे आकडे कसे उचलते ते पाहू. सगळ्यात खाली फाइलइनपुटस्ट्रीम नावाचं ऑब्जेक्ट, म्हणजे ठरलेलं काम करणारा कोडचा एक घटक. त्याला बाइटखेरीज काही कळत नाही. त्याला पोटात घेऊन बसतं इनपुटस्ट्रीमरीडर, जे बाइटची चिन्हं करतं. त्याच्याही वर बफर्डरीडर. दर चिन्हासाठी खाली हात पसरण्याऐवजी ते एका दमात मोठा साठा उचलून ठेवतं आणि मागाल तशी एकेक ओळ काढून देतं. ओळी संपल्या की ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’ अशी खूण, हाती ठेवतं. खाली फाइल आहे की नेटवर्क, याच्याशी बफर्डरीडरला देणंघेणं नाही. उद्या हेच भाव इंटरनेटवरून आले तर फक्त तळाचं ऑब्जेक्ट बदलायचं, वरच्या कोडला हात लावायचा नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचा हा खरा फायदा, पण परीक्षेत व्याख्याच विचारतात!

मराठीचा घोळ होतो तो मधल्या थरात, म्हणजे इनपुटस्ट्रीमरीडरमध्ये. 1996च्या पहिल्या जावात हा थरच नव्हता. ओळ वाचणारी पद्धत सरळ एका बाइटचं एक चिन्ह करायची. 1997च्या 1.1 आवृत्तीत रीडर क्लास (अशा रीडर ऑब्जेक्टांचे साचे) आले आणि ती जुनी पद्धत बाद ठरली. पुढेही एक खोच राहिलीच. बाइटची चिन्हं कोणत्या पद्धतीने करायची (यूटीएफ-8 की दुसरी) हे सांगितलं नाही, तर जावा ऑपरेटिंग सिस्टिमची पद्धत उचलायची. लिनक्सवर बहुधा ती यूटीएफ-8च असते, त्यामुळे सगळं नीट. इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर मात्र एका ‘न’च्या जागी तीन परकी चिन्हं उमटायची. मार्च 2022मध्ये आलेल्या जावा 18पासून यूटीएफ-8 हीच मूळ पद्धत झाली. तरी जुन्या आवृत्त्या अजून सर्रास चालतात, म्हणून पद्धतीचं नाव कोडमध्ये लिहावंच.

दुसरा त्रास विंडोजच्या नोटपॅडचा. त्याच्या जुन्या आवृत्त्या यूटीएफ-8 फाइलच्या सुरुवातीला 239, 187, 191 असे तीन बाइट गुपचूप घालत. जावा ते काढून टाकत नाही. त्यांचं एक अदृश्य चिन्ह करून देते. मग पहिल्या ओळीतलं ‘नागपूर’ तुमच्या कोडमधल्या ‘नागपूर’शी जुळत नाही, दुसऱ्या ओळीपासून मात्र बिनतक्रार जुळतं. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब, त्यामुळे माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो. अशा वेळी शब्दाची लांबी छापून बघावी: सहाऐवजी सात येते.

आणि भावाचा आकडा? ‘२४००’ देवनागरीत आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. मजकुरातून पूर्णांक काढणारी इंटिजरची पार्सइंट पद्धत देवनागरी अंक निमूटपणे ओळखते. पण भाव ‘२४००.५०’ असा आला आणि तो दशांश संख्या वाचणाऱ्या पार्सडबलकडे दिला, तर ती थेट एरर फेकते. तिला इंग्रजी अंकच लागतात. तेव्हा दशांश असेल तर अंक आधी बदलून घ्या.