बॅटरी मे महिन्यात मरते, डिसेंबरात कळते

विदर्भात थंडी पडू लागली की सकाळी सेल्फ मारल्यावर नुसते ‘टक्’ वाजून गप्प बसणाऱ्या गाड्यांच्या तक्रारी सुरू होतात, आणि ‘थंडीने बॅटरी बसली’ असे निदान गाडीवाला व मेकॅनिक दोघेही एकमताने करतात. हे निदान अर्धवट आहे. नागपूर-चंद्रपूरच्या गाडीची बॅटरी बहुधा थंडीने मरत नाही; ती उन्हाळ्यात खंगलेली असते आणि थंडी केवळ ते उघडकीस आणते.

मोटारीतली नेहमीची बॅटरी शिसे-आम्ल जातीची असते. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती 1859 मध्ये प्रथम तयार केली आणि तिचे मूळ रसायन आजही तेच आहे. तिच्या सहा कप्प्यांत धन प्लेटांवर लेड डायऑक्साइड, ऋण प्लेटांवर सच्छिद्र शिसे आणि मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते व आम्ल पातळ होत जाते. चार्जिंगमध्ये नेमके उलट घडते.

थंडीत ही अभिक्रिया मंदावते आणि आम्लातील आयनांची हालचालही जड होते. उणे 18 अंश सेल्सिअसला बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला नेमके त्याच वेळी अधिक जोर लागतो. मात्र ही घट तात्पुरती असते. तापमान वाढले की ताकद परत येते.

उष्णतेने होणारे नुकसान भरून येत नाही. धन प्लेटेच्या पोटात शिशाच्या मिश्रधातूची जाळी असते आणि लेड डायऑक्साइडचा लगदा तिच्यावर थापलेला असतो. लगदा धरून ठेवणे आणि वीज बाहेर पोहोचवणे ही दोन्ही कामे ही जाळीच करते. पण आम्ल आणि लेड डायऑक्साइड यांच्या सान्निध्यात शिसे शिसे म्हणून फार काळ टिकूच शकत नाही; ते पृष्ठभागापासून आत हळूहळू ऑक्साइडमध्ये बदलत जाते. तयार झालेला थर पुढची झीज मंद करतो, पण थांबवत नाही. शिवाय हा ऑक्साइड मूळ शिशाच्या सुमारे 1.4 पट जागा व्यापतो, त्यामुळे जाळी ताणली जाते, तिच्या तारा बारीक होतात, लगद्याची पकड सुटते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. चार्जर सल्फेट पूर्ववत करू शकतो, गेलेली जाळी नाही.

या झिजेचा वेग तापमानावर कसा अवलंबून असतो, हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अर्हेनिअस यांनी 1889 मध्ये मांडलेल्या समीकरणावरून काढता येते. सक्रियन ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, मोलला 50 किलोज्यूल धरली, तर 300 केल्विनवरून 310 केल्विनवर (सुमारे 27 वरून 37 अंश सेल्सिअसवर) जाताना वेग ठरवणाऱ्या घातांकी पदाचे मूल्य जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे दर दहा अंशांना झीज दुप्पट, आणि 25 अंशांवरून 55 अंशांवर गेल्यास सुमारे आठपट. मे महिन्यात चंद्रपूरला सावलीतच 45 अंश असताना बोनेटखाली 55 अंश ही काही मोठी गोष्ट नव्हे. त्यात आम्लातील पाणीही उडत राहते. तरीही तेव्हा गाडी सुरू होते, कारण उष्णतेने अभिक्रिया चपळ आणि ऑइल पातळ असते.

बोनेटला लिंबू-मिरची बांधून जाळीची झीज थांबत नाही, हे सांगावे लागू नये. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते ही समजूतही तितकीच पोकळ आहे. आजच्या प्लास्टिकच्या पेटीतून जमिनीत वीज झिरपत नाही. जुनी बॅटरी ‘नवी’ करून देणाऱ्या पुड्यांबद्दल न बोललेलेच बरे.

उष्ण प्रदेशासाठी बॅटरी घेताना सीसीए, म्हणजे उणे 18 अंशांना 30 सेकंद टिकणारा प्रवाह, या आकड्याला भुलू नये. कॅल्शियम मिश्रधातूची जाळी पाहावी, कारण तिच्यात पाणी कमी उडते. तसेच उत्पादनाची तारीख पाहावी, कारण दुकानाच्या तापलेल्या माळ्यावरही बॅटरी आपोआप उतरत राहते. बॅटरीवर छापलेल्या 38B20L अशा मॉडेलच्या नावातला 38 हा आकडा अँपिअर-अवर, म्हणजे साठवलेल्या विजेची क्षमता, दाखवत नाही; त्या बॅटरीची क्षमता बहुधा 35 अँपिअर-अवर असते. उष्ण प्रदेशात आम्लाची घनता (पाण्याची 1 धरून) 1.28 ऐवजी 1.24 च्या आसपास ठेवतात, म्हणजे जाळी सावकाश झिजते. म्हणूनच पातळी उतरल्यावर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर आकडा वर दिसावा म्हणून ॲसिड ओतणारा मेकॅनिक बॅटरीचे आयुष्यच कमी करतो.

लेहला राहणाऱ्याने मात्र सीसीए आधी पाहावा. विदर्भातली गाडी हिवाळ्यात तिकडे नेली तर आम्ल गोठेल, ही भीती अनेकांना वाटते. पूर्ण चार्ज असताना 1.24 घनतेचे आम्ल उणे 40 अंशांनाही गोठत नाही. पण रात्री दिवे चालू राहून बॅटरी उतरली आणि घनता 1.10 पर्यंत आली, तर तेच आम्ल उणे 8 अंशांना गोठते व पेटी तडकू शकते.