लिंक्ड डेटाची साइट चालवताय? मग जुनी नोंद उडवून नवी चढवू नका (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. आमच्याकडून ओमेका एस, म्हणजे लिंक्ड डेटाचं (वेबवर स्वतःचा पत्ता असलेल्या, एकमेकांना जोडलेल्या नोंदींचं) सॉफ्टवेअर, बसवून घेतलेली वाचनालयं, छोटी संग्रहालयं, गावाचा इतिहास जमवणारी मंडळं आणि जे सध्या घ्यावं की नको या विचारात आहेत ते, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. फोनवर तेच तेच प्रश्न येतात आणि एक गोंधळ तर इतका वरचेवर होतो की तो निस्तरताना तुमचं पण काम थांबतं आणि आमचं पण, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवूया. नोंद कशी भरायची, फोटो कसा जोडायचा हे ट्रेनिंगमध्ये झालेलं आहे, ते परत सांगत नाही.

"आमची यादी पीडीएफमध्ये साइटवर आहेच की"

मग लिंक्ड डेटा कशाला, हा प्रश्न जवळपास प्रत्येक कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये येतो. यादी साइटवर आहे ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती पहिली पायरी आहे. वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली लिंक्ड डेटाचे नियम लिहिले आणि २०१० मध्ये त्याला पाच ताऱ्यांची मोजपट्टी जोडली. खुल्या परवान्याने पीडीएफ टाकली तर एक तारा, तीच यादी एक्सेलमध्ये दिली तर दोन, सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेली साधी फाइल) दिली तर तीन कारण ती कुठल्याच एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेली नसते, प्रत्येक वस्तूला वेबवर स्वतःचा पत्ता दिला तर चार, आणि तो पत्ता बाहेरच्या जगातल्या नोंदींना जोडला की पाच. बहुतेक संस्था दुसऱ्या ताऱ्यावर थांबतात आणि काम झालं असं समजतात.

चौथ्या आणि पाचव्या ताऱ्याने नेमकं काय होतं ते आपल्या कपाटातल्या पुस्तकांवरून सांगतो. राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःच्या नावाने आहेत, कवितांवर गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेखनावर बाळकराम म्हणून. आता तुमच्या रजिस्टरमध्ये कुणी रा. ग. गडकरी लिहिलंय, कुणी गडकरी, राम गणेश असं उलटं लिहिलंय, कुणी नुसतं गोविंदाग्रज, कुणी बाळकराम. वाचकाला कळतं हा एकच माणूस आहे पण कॉम्प्युटरच्या लेखी ही चार वेगळी माणसं, त्यामुळे शोधणाऱ्याला चौथा भागच सापडतो आणि त्याला वाटतं वाचनालयात एवढंच आहे. आम्ही काय करतो, तर गडकऱ्यांची एकच नोंद बनवतो, सगळी टोपणनावं तिच्यात टाकतो, ती विकिडेटाला (विकिपीडियाच्या सोबतीचा खुला माहितीसंच) आणि जगभरच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या लेखकसूचीला जोडतो आणि प्रत्येक पुस्तक त्या नोंदीला लावतो. उद्या दुसऱ्या एखाद्या वाचनालयाने पण आपल्या गडकऱ्यांना तिथेच जोडलं की दोन्ही संग्रह एकमेकांना न विचारता एकत्र दिसायला लागतात.

गावांच्या नावांचं तर याहून जास्त. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, सगळं गेल्या काही वर्षांत. जुन्या पुस्तकावर मात्र छापलंय तेच राहणार, मुखपृष्ठावर औरंगाबाद असेल तर नोंदीत पण औरंगाबादच यायला हवं. नोंद नावाला न जोडता ठिकाणाच्या नंबरला जोडलेली असली की काहीच बिघडत नाही. विकिडेटावर मुंबई म्हणजे क्यू ११५६ आणि पुणे म्हणजे क्यू १५३८, त्या नंबराखाली बॉम्बे, बंबई, मुंबई सगळी नावं असतात, कुठलंही टाका नोंद तीच निघते. सातबाऱ्यावर मालकाचं नाव बदलतं पण गट नंबर तोच राहतो ना, तसंच आहे हे.

आणि हे आम्ही काढलेलं नवीन काही नाही. स्वीडनची राष्ट्रीय सामायिक ग्रंथसूची २००८ सालीच लिंक्ड डेटा म्हणून खुली झाली, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपले विषयमथळे २००९ मध्ये दिले. फरक एवढाच की त्यांच्याकडे इंजिनियरांची फौज असते आणि तालुक्याच्या वाचनालयात एक ग्रंथपाल आणि एक शिपाई, म्हणून तर तयार प्लॅटफॉर्म लागतो.

आम्ही ओमेका एसच का सुचवतो

अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेनझ्वाइग सेंटरमध्ये हे बनलं, २०१७ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली आणि ते ओपन सोर्स आहे म्हणजे लायसन्सचे पैसे नाहीत, कोड तुमच्याकडे, उद्या आमच्याशी जमलं नाही तर दुसऱ्या कुणाकडूनही चालवून घ्या, डेटा अडकून पडत नाही. साध्या लिनक्स होस्टिंगवर पीएचपी आणि मायएसक्यूएल असलं की चालतं. तुम्ही फॉर्म भरता तसा भरायचा, मागे लिंक्ड डेटा आपोआप तयार होतो. एका इन्स्टॉलेशनवर अनेक साइट बनवता येतात, त्यामुळे चार वाचनालयांनी मिळून एकच घेतलं तरी चालतं, आणि खरं तर तसंच करावं, खर्च वाटला जातो आणि लेखकांच्या नोंदी एकदाच कराव्या लागतात. विकिबेस पण उत्तम आहे, विकिडेटा ज्यावर चालतं तेच, पण त्याला मोठा सर्व्हर लागतो आणि सांभाळणारा माणूस लागतो. स्पार्कल (लिंक्ड डेटाला प्रश्न विचारायची भाषा) वापरून खोल शोध हवा असेल तर त्यासाठी ओमेकाच्या शेजारी वेगळी सोय लावावी लागते, ती आम्ही लावून देतो पण सुरुवातीलाच घेऊ नका, आधी नोंदी नीट होऊ द्या.

सॉफ्टवेअर फुकट तर मग पैसे कशाचे, हे पण विचारलं जातं आणि विचारायलाच हवं. पैसे नोंदी साफ करण्याचे, लेखक आणि ठिकाणं बरोबर माणसाला आणि बरोबर गावाला जोडण्याचे, तुमच्या लोकांना शिकवण्याचे आणि बॅकअपचे. नावं जुळवायचं काम आम्ही ओपनरिफाइनवर करतो, तेही फुकट आणि खुलं आहे, ते संभाव्य जोड्या सुचवतं पण एकाच नावाची दोन माणसं असली की निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. तो वेळ आम्ही वाचवत नाही, कारण चुकीच्या माणसाला जोडलेलं पुस्तक न जोडलेल्यापेक्षा वाईट.

आता मुख्य गोष्ट: उडवू नका

होतं असं. शीटमध्ये पन्नास-शंभर ठिकाणी दुरुस्ती करायची असते, शुद्धलेखन असेल, गावाचं नाव असेल, विषय बदलायचा असेल. मग कुणीतरी उत्साहाने साइटवरच्या सगळ्या नोंदी सिलेक्ट करून डिलीट करतं आणि दुरुस्त केलेली शीट नव्याने चढवतं. साइट उघडून बघितली तर सगळं छान दिसतं, पुस्तकं तेवढीच, नावं बरोबर, मग फोन येतो की गूगलवरून आलेल्या लोकांना पान सापडत नाही असं येतंय.

कारण ओमेका प्रत्येक नोंदीला एक नंबर देतं आणि तोच नंबर तिच्या पत्त्यात असतो. नोंद उडवली की तो नंबर कायमचा गेला, तीच माहिती परत टाकली तरी ओमेकासाठी ती नवी वस्तू, नवा नंबर, नवा पत्ता. दरम्यान कुणी विकिडेटावर तुमचा पत्ता दिलेला असतो, एखाद्या विद्यार्थ्याने पीएचडीच्या प्रबंधात तळटीप दिलेली असते, दुसऱ्या संस्थेने आपली नोंद तुमच्या नोंदीला जोडलेली असते, त्या सगळ्या लिंका एका क्लिकने मेल्या. आणि त्या दुरुस्त करणं आपल्या हातात नसतं, छापून गेलेला प्रबंध कुणी परत छापत नाही. लेखकाची नोंद उडवली तर त्याहून वाईट, कारण तुमच्याच साइटवरच्या त्याच्या सगळ्या पुस्तकांमधून लेखकाची जोडणी निघून जाते आणि ती एकेक करून परत लावत बसावी लागते. लिंक्ड डेटामधून लिंकच गेली तर राहिलं काय? साध्या यादीसाठी मग एवढा खटाटोप करायची गरज नव्हती.

मग दुरुस्ती कशी करायची, तर शीट ज्यातून चढवता त्याच सीएसव्ही इम्पोर्टमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्जखाली ॲक्शन नावाचा पर्याय आहे, तिकडे कुणी बघतच नाही. तो आपोआप क्रिएटवर, म्हणजे नवी नोंद बनवण्यावर असतो, तो बदलायचा. अपेंड म्हणजे आहे त्यात भर घालणार. रिव्हाइज म्हणजे शीटमध्ये जे भरलंय तेवढंच बदलणार, रिकाम्या खान्याला हात लावणार नाही. अपडेट घेतलंत तर रिकामा खाना असेल तिथलं साइटवरचं पण पुसलं जाणार. रिप्लेस म्हणजे नोंदीच्या आतलं सगळं काढून नव्याने भरणार. चारही प्रकारात नोंदीचा नंबर आणि पत्ता तोच राहतो. तुम्ही डोळे झाकून रिव्हाइज वापरा, बाकीचे लागले तर आम्हाला विचारा.

फक्त यासाठी कुठली ओळ कुठल्या नोंदीची हे ओमेकाला कळायला हवं, म्हणून आम्ही सुरुवातीला प्रत्येक वस्तूला आयडेंटिफायर द्यायला लावतो. वाचनालयात तो दाखल नंबरच असतो, फक्त पुढे संस्थेची दोन-तीन अक्षरं लावायची. काही जणांना ही कटकट वाटते, कपाट बदललं की नंबर पण बदलू म्हणतात. कपाटाचा नंबर वेगळ्या खान्यात लिहा आणि तो हवा तेवढ्या वेळा बदला, दाखल नंबर कधीच नाही. पुस्तक बाद झालं तरी त्याचा नंबर दुसऱ्या पुस्तकाला देऊ नका, नोंद पण काढू नका, त्यात बाद झाल्याची तारीख लिहून ठेवा, एवढंच पुरतं. विकिडेटावर चुकून एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर त्या एकत्र करतात पण जुना नंबर तिथेही मरत नाही, तो नव्या नोंदीकडे वळवला जातो. जगभर हीच शिस्त आहे.

अजून एक, पास्ट इम्पोर्ट्समध्ये अनडू दिसतं. त्याने त्या वेळी चढलेल्या नोंदी उडतात. चढवल्याचढवल्या लगेच चूक दिसली तर जरूर वापरा, पण नोंदी लोकांना दिसायला लागल्यावर ते बटण दाबायचं नाही.

म्हणूनच आम्ही सगळ्यांना ॲडमिनचं लॉगिन देत नाही आणि यावरून कधी कधी नाराजी होते. नोंदी भरणाऱ्यांना ऑथर आणि तपासणाऱ्यांना रिव्ह्यूअर एवढंच देतो, रिव्ह्यूअरला दुसऱ्याची नोंद सुधारता येते पण उडवता येत नाही. मोठा अधिकार संस्थेत एकाच जबाबदार माणसाकडे, आणि तो लेखी. अविश्वास म्हणून नाही, तुमच्या कामाचं आयुष्य वाढावं म्हणून.

शीट पाठवताना

एक्सेलमधून सेव्ह करताना साधं सीएसव्ही घेऊ नका, सीएसव्ही यूटीएफ-८ घ्या, नाहीतर सगळं मराठी प्रश्नचिन्हं होऊन येतं. श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेलं असेल तर तसंच पाठवा, युनिकोड आम्ही करून घेतो, पण अर्धं हे अर्धं ते करू नका. दाखल नंबराचा कॉलम टेक्स्ट ठेवा, नाहीतर पुढची शून्यं एक्सेल गिळतं आणि १२-३ ची १२ मार्च करून टाकतं. १९०० च्या आधीच्या तारखा एक्सेलला तारीख म्हणून कळतच नाहीत, त्या पण टेक्स्टच. पुस्तकावर शके असेल तर शकेच लिहा, इसवी सन वेगळ्या खान्यात, ७८ मिळवून (वर्षाचे शेवटचे दोन-तीन महिने ७९ पडतात, तिथे शंका असेल तर दोन्ही वर्षं द्या). आणि सॉर्ट करताना एकच कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट करू नका, सगळी शीट करा, नाहीतर या पुस्तकाचा लेखक त्या पुस्तकाला जातो आणि ते शोधून काढणं फार अवघड असतं.

डोमेन आणि परवाना

डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या. कार्यकारिणी बदलते, आधीच्या चिटणीसांच्या खाजगी ईमेलवर डोमेन असतं, रिन्यूचं मेल तिकडे जातं, एक दिवस साइट बंद आणि सगळे पत्ते एकदम गेलेले. ज्यांना दहा-वीस वर्षांचा विचार करायचाय त्यांनी आर्क क्रमांक, म्हणजे डोमेनवर अवलंबून नसलेले कायमचे ओळखक्रमांक, घ्यावेत असं आम्ही सुचवतो. फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय तेच वापरतं, संस्थेला तो फुकट मिळतो, अर्ज आम्ही भरून देतो. डोमेन बदललं तरी क्रमांक तोच राहतो, फक्त तो कुठे वळवायचा ते बदलायचं.

नोंदी सीसी झिरोमध्ये (कुणीही कसंही वापरा, असा परवाना) खुल्या करा, विकिडेटा पण तसंच देतं. नोंद खुली केली म्हणजे पुस्तक खुलं झालं असं नाही, हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी आहे. स्कॅन टाकायचं असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झालीत का ते बघावं लागतं, ती वर्षं मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजतात. गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यांचं मूळ लेखन बिनधास्त टाका, मात्र नव्या आवृत्तीची प्रस्तावना लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा असतो.

घ्यायचा विचार करत असाल तर दाखल वहीतल्या कुठल्याही १०० सलग ओळी पाठवा, निवडून चांगल्या नको, जशा आहेत तशाच, आणि वहीच्या एका पानाचा फोटो. तेवढ्यावर आम्ही नमुना साइट विनामूल्य करून दाखवतो, ती मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उघडा आणि मग ठरवा. आधीपासून आमची साइट वापरणाऱ्यांनी मोठी दुरुस्ती करायच्या आधी एक मेसेज टाका, आम्ही त्या दिवशीचा बॅकअप काढून ठेवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.