गेमिंग मासिकांतले टक्के आणि सांगलीतलं डिस्टिंक्शन

जुन्या गेमिंग मासिकांचे अंक स्कॅन होऊन घरबसल्या वाचायला मिळू लागल्यापासून सांगली-मिरजेतल्या चाळिशी ओलांडलेल्या मंडळींत एक वाद नव्यानं निघालाय. गेमच्या रिव्ह्यूखाली जे टक्के छापलेले असायचे, त्यांना नेमका काय अर्थ होता? काहींच्या मते तो सगळा जाहिरातदारांना सांभाळून घेण्याचा मामला होता. बाकीचे म्हणतात, ते आकडे नसते तर आपल्याला गेम निवडताच आले नसते. मी या दुसऱ्या गटातला, हे आधीच सांगून टाकतो. पण पहिल्या गटाचं म्हणणंही हवेतून आलेलं नाही, आणि त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

अगदी सुरुवातीचा काळ थोडक्यात. १९८१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' निघालं आणि त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स'. तेव्हाच्या बऱ्याच मासिकांत गेमचा अख्खा प्रोग्रॅम बेसिक या संगणकाच्या भाषेत छापून यायचा. वाचकानं तो घरी ओळीनं टाइप करायचा. एक स्वल्पविराम चुकला तरी गाडी अडायची. आपल्याकडे १९८४ मध्ये सरकारी योजनेतून अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले, १९८८ मध्ये एका भारतीय कंपनीनं परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा घरगुती संगणक काढला. यंत्रं आली, पण त्यांच्यावरची ही मासिकं सांगलीच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलला लटकलेली मी तरी कधी पाहिली नाहीत.

टक्क्यांची चाल खरी रुजली ती 'क्रॅश' आणि 'झॅप!६४' या दोन ब्रिटिश मासिकांत. पहिलं १९८४ चं, स्पेक्ट्रमवाल्यांसाठी. दुसरं १९८५ चं, कमोडोर ६४ या दुसऱ्या घरगुती संगणकवाल्यांसाठी. दोन्ही निघत होती लडलो नावाच्या गावातून. हे गाव लंडनपासून लांब, वेल्सच्या सीमेजवळ, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. टपालानं गेम विकण्याच्या धंद्याच्या कॅटलॉगमधून 'क्रॅश' उभं राहिलं आणि परीक्षण लिहायला त्यांनी गावातल्याच शाळेतली पोरं बसवली. शाळा सुटली की पोरं यायची, गेम खेळायची, मत सांगायची. एका गेमवर दोघा-तिघांची मतं शेजारी-शेजारी छापायची आणि खाली ग्राफिक्स, खेळण्यातली मजा, चटक, पैसे वसूल होतात का, अशा एकेका गोष्टीला टक्के. सगळ्यात शेवटी एकूण टक्के. शाळेतल्या पोरांना मत मोजायला शाळेतलंच माप हातात दिलं, असं मला हे वाचताना कायम वाटत आलंय. सातारा-सांगलीतून असं काही निघू शकलं असतं का, याचा विचार मी पुष्कळदा केलाय. पोरं आपल्याकडेही होती, छापखानेही होते. नव्हती ती यंत्रं, आणि ती विकत घेऊ शकणारे वाचक.

'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड'चं वळण मात्र वेगळं होतं. तिथं कितीतरी वर्षं परीक्षणाला गुणच नव्हते. लांबलचक लेख असायचा; युद्धाच्या गेमवर लिहिणारा माणूस आधी त्या युद्धाचा इतिहास मांडायचा, मग गेमची चिरफाड करायचा. गुण द्यायचे ते वाचकांनी, दर महिन्याच्या मतपत्रिकेतून. संपादकीय बाजूनं गुण सुरू झाले थेट १९९४ मध्ये, तेही पाचपैकी तारे. पुढं एप्रिल २००६ मध्ये त्यांनी ते पुन्हा बंद केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या नावाचं मासिकच थांबलं. पंचवीस वर्षांतली जेमतेम बारा वर्षं गुणांची. ज्यांना हे मासिक वेळेवर आणि पूर्ण वाचायला मिळालं, त्यांचा आकड्यांना विरोध का आहे ते इथं कळतं. त्यांना लेख मिळत होता.

आम्हाला लेख मिळत नव्हता.

सांगलीत विदेशी अंक यायचा तो बहुतेक रद्दीतून. कुणाचा तरी मामा मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवरून चार अंक घ्यायचा आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येताना पिशवीत टाकून आणायचा. अंक सहा महिने ते दोन वर्षं जुना. मुखपृष्ठावर सीडीचं प्लॅस्टिकचं पाकीट डिंकानं चिकटवलेलं असायचं. आमच्यापर्यंत येईतो सीडी गेलेली असायची आणि तेवढ्या चौकोनात कागद सोलून निघालेला असायचा. मुखपृष्ठावरच्या सैनिकाचं तोंड त्या चौकोनात गेलेलं, असा एक अंक माझ्याकडे होता. आतलं इंग्रजी मराठी माध्यमातून आलेल्या अकरावीच्या पोराला झेपणारं नव्हतं. ब्रिटिश मासिकांची भाषा तर थट्टामस्करीची, तिथल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमांचे दाखले देणारी. डिक्शनरी घेऊन बसलं तरी अर्थ लागायचा नाही. सगळ्यात आधी आम्ही वाचायचो ती 'मिनिमम रिक्वायरमेंट'ची चौकट: किती एमबी रॅम, थ्रीडी कार्ड लागतं का. ३२ एमबी लिहिलेलं असलं की हायसं वाटायचं. त्यानंतर कोपऱ्यातले टक्के.

टक्के वाचायला डिक्शनरी लागत नव्हती. आणि टक्क्यांचा अर्थ आम्हाला शिकवला होता बोर्डानं. ३५ ला पास, ४५ ला सेकंड क्लास, ६० ला फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन. दहावीचा निकाल लागला की गल्लीत याच भाषेत बोललं जायचं, तीच भाषा आम्ही गेमला लावली. विश्रामबागच्या एका कॅफेत माझा मित्र अंक उघडून ओरडलेला मला अजून ऐकू येतो : "शहात्तर पडलेत मर्दा, डिस्टिंक्शन!" तो गेम आम्ही कुठून तरी मिळवला, चार जणांनी वर्गणी काढून. दोन दिवसांत सगळे कंटाळलो. मासिकाच्या हिशेबानं ७६ म्हणजे 'ठीक आहे, या प्रकारची आवड असेल तर बघा' एवढंच होतं. १९९३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत सुरू झालेल्या 'पीसी गेमर'सारख्या मासिकांत खरी मारामारी नव्वदीच्या पुढं चालायची. अमेरिकी आवृत्तीनं 'अल्फा सेंटॉरी'ला ९८ दिले, पुढं 'हाफ-लाइफ २'लाही ९८. आमच्या भाषेत, बोर्डात पहिले.

टक्के वर का सरकत गेले, यावर त्या देशांतही तेव्हा भांडणं झाली. 'अमिगा पॉवर' हे १९९१ ते १९९६ या काळातलं ब्रिटिश मासिक याबाबत फार कडक होतं. शंभराची पट्टी आहे ना, मग सरासरी गेमला ५० च मिळायला हवेत, हा त्यांचा हट्ट. 'राइज ऑफ द रोबॉट्स' या गाजावाजा झालेल्या मारामारीच्या गेमला त्यांनी ५ टक्के दिले. काही मासिकांनी त्याच गेमला भरभरून गुण दिले होते. अशा हट्टाची किंमत मोजावी लागायची, कारण मासिकातल्या जाहिराती गेमच्याच, लवकर खेळायला मिळणारी कॉपी पाठवणाराही गेमवालाच, आणि मुखपृष्ठासाठी सगळ्यांच्या आधी चित्रं देणाराही तोच. अंक छपाईला दुकानात येण्याच्या कितीतरी आधी जायचा. त्यामुळं गेम पुरता तयार नसतानाच परीक्षण लिहायचा मोह व्हायचा. २००४ मध्ये 'ड्रायव्हर ३'ला दोन ब्रिटिश मासिकांनी सगळ्यांच्या आधी दहापैकी नऊ दिले आणि नंतर इतर काहींनी त्याच गेमला त्याच्या निम्म्याहून कमी दिले, तेव्हा वाचक चिडले ते याचमुळं. पहिल्या गटाचा राग इथला आहे आणि तो रास्त आहे.

पण या रागात एक गोष्ट सुटते. त्या परीक्षणांचा वाचक फक्त लंडन-न्यूयॉर्कचा नव्हता. मजकूर मागं राहायचा आणि आकडा पुढं जायचा, अशा ठिकाणीही मासिक वाचलं जात होतं. तिथं आकडा हाच लेख होता.

आपल्याकडची मासिकं आली तेव्हा चित्र बदललं. 'पीसी क्वेस्ट' १९८७ पासून होतं, पण ते कामाच्या माणसांचं. 'चिप' आणि त्याचंच जून २००१ पासूनचं नवं रूप 'डिजिट', ही आमची मासिकं. सोबतची सीडी हा त्यांचा जीव. ती सीडी किती मोलाची होती हे आज सांगायला हिशेबच मांडावा लागेल. सीडीत ६५० एमबी. ३३.६ केबीपीएसचा मोडेम एकदाही न तुटता पूर्ण वेगानं चालला, तरी एवढं उतरवायला ४५ तास. फोनचं बिल वेगळं आणि तोवर घरचा फोन बंद. म्हणून गेमचा डेमो, पॅच म्हणजे गेममधल्या चुका सुधारणारी फाइल, गेमना लागणाऱ्या डायरेक्टएक्सची नवी आवृत्ती, कार्डाचा ड्रायव्हर हे सगळं सीडीतूनच यायचं. एक अंक घेतला की ती सीडी पंधरा घरं फिरायची, आणि परत यायची ती ओरखडे घेऊन.

या डेमोंमुळंच आमचे टक्के सुधारले. तोवर मासिकातला आकडा पडताळून बघायला काही साधन नव्हतं. आता एक लेव्हल स्वतः खेळता येत होती. मी एक दोनशे पानी वही घातली होती, उभ्या चार रकान्यांची: गेम, मासिकाचे टक्के, माझे टक्के, आपल्या मशीनवर चालतो का. मागच्या पानांवर चीट कोड. दोनेक वर्षांत वहीतून एक नियम निघाला : विदेशी मासिकाच्या टक्क्यांतून पंधरा वजा करायचे. ९० म्हणजे आपलं डिस्टिंक्शन. ७५ म्हणजे फर्स्ट क्लास. वजा करून ६० च्या खाली आलं, तर हात लावायचा नाही. आमच्या ग्रुपमध्ये हा नियम पाळला जायचा आणि तो क्वचितच चुकला.

जानेवारी २००१ मध्ये मेटाक्रिटिक सुरू झालं, तिथं वेगवेगळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढून रंग द्यायला लागले. मला त्यातली एक गोष्ट फार नंतर कळली आणि ती या वादात कुणी आणत नाही. चित्रपटाला तिथं ६१ पासून हिरवा रंग मिळतो. गेमला मात्र ७५ पासून. म्हणजे गेमचे टक्के वर सरकलेले आहेत हे तिथं पट्टीतच धरलंय. चित्रपटाची ६१ ची रेघ गेमसाठी ७५ वर नेली, फरक चौदाचा. आमच्या वहीतला पंधराचा. विश्रामबागच्या कॅफेतल्या पोरांनी डेमो खेळून काढलेला फरक आणि तो, जवळपास सारखाच. म्हणून त्या आकड्यांनी आम्हाला फसवलं, असं कुणी म्हटलं की मी मान्य करत नाही. आकडे कसे वाचायचे ते आम्ही शिकलो होतो.

ज्याचा आकडा दिसायचाच नाही, अशी गोष्टही एक होती. 'हाफ-लाइफ २' नोव्हेंबर २००४ मध्ये आला, ९८ वाला. पण तो सुरू करायला स्टीम या गेमच्या ऑनलाइन सेवेवर इंटरनेटनं नोंदणी सक्तीची होती. डायलअपवरच्या सांगलीत ही नोंदणी म्हणजे रात्र-रात्र बसण्याचं काम. वहीत त्या गेमच्या ओळीत तिसरा रकाना मोकळा आहे आणि चौथ्यात लिहिलंय : 'मशीन चालेल. नेट चालत नाही.'

२००५ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी आलं. अंक खालच्या फळीवर होते. गुळगुळीत आर्ट पेपर भिजून वाळला की पानं एकमेकांना धरून बसतात. ओढलं की शाई एका पानावरून दुसऱ्यावर जाते. पाणी ओसरल्यावर हातात आल्या त्या कागदाच्या विटा. सीड्या मात्र साबणाच्या पाण्यानं धुऊन, आईच्या जुन्या मऊ साडीनं पुसून दोरीवर लावल्या आणि त्यातल्या बहुतेक चालल्या. वही माळ्यावर होती म्हणून वाचली.

आता अमेरिकेतल्या एका संस्थेनं जानेवारी २०२५ मध्ये बंद पडलेल्या गेमिंग मासिकांचे दीड हजाराहून अधिक अंक शब्दागणिक शोधता येतील असे खुले केलेत. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, १९९१ पासून चालत आलेलं 'गेम इन्फॉर्मर' बंद झालं होतं आणि त्याचा ऑनलाइन मजकूरही एका दिवसात नाहीसा झाला होता. मार्च २०२५ मध्ये ते परत आलं. अंक जपले पाहिजेत हे या एका घटनेनं भल्याभल्यांना पटलं.

मी सध्या रोज रात्री वही शेजारी ठेवून स्कॅन वाचतो. आकडा वहीत आहे, त्याच्या वरचा लेख आता पहिल्यांदा वाचतोय, आणि इंग्रजी झेपतंय. वहीत ६८ टक्क्यांचा एक गेम आहे, नियमाप्रमाणं हात न लावलेला. परवा त्याचं परीक्षण सापडलं. लिहिणाऱ्यानं दोन पानं भरून त्यातल्या पावसाचं आणि रात्रीच्या रस्त्यांचं कौतुक केलंय, गुण कापलेत ते सारखा बंद पडतो म्हणून. पॅच नंतर आला असणार. शनिवारी जुना पीसी जोडून बघणार आहे. कॅफेतल्या त्या मित्रालाही बोलावलंय.