राणीछाप रुपये गेले कुठे?

जुने चांदीचे रुपये जमवू लागलं की पहिला प्रश्न पडतो तो हाच. कोट्यवधींनी पाडलेली नाणी इतकी कमी का उरली?

शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात साधारण १७८ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचा चांदीचा रुपया रूढ केला. मुघलांनी तो उचलला आणि मराठ्यांच्या टांकसाळींतही बहुतेक रुपये मुघल बादशहाच्या नावानेच पडत राहिले. चांदवडचा चांदोरी, अंकुशाची खूण असलेला अंकुशी, अशी त्यांची नावं होती. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून सराफ नाणं पारखायचा, त्यावर आपला ठसा मारायचा आणि कमी कसाच्या नाण्यावर बट्टा, म्हणजे किमतीतली घट, कापायचा. अनेक संग्राहक असे ठसे असलेलं नाणं बाजूला ठेवतात. मला ते उलट जवळचं वाटतं, कारण ते किती हातांतून फिरलं हे त्याच्या अंगावरच कोरलेलं असतं.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया आणला: वजन ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला हा कलदार. १८४० पासून त्यावर व्हिक्टोरिया राणी आली, तोच राणीछाप. १८६२ चं साल तर पुढे १८७४ पर्यंत तसंच छापलं गेलं. मुंबईच्या टांकसाळीने नेमकं वर्ष कळावं म्हणून त्या सालाजवळ बारीक ठिपके दिले. भिंग घेऊन ते ठिपके मोजण्यात संध्याकाळ कशी जाते ते कळत नाही.

१९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयाची गोष्ट निराळी. राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती इतका आखूड सोंडेचा उमटला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी परत घेतली, बहुतेक वितळवली आणि १९१२ मध्ये सोंड नीट काढली. दोन्ही वर्षांचे रुपये शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो.

पण खरा घाव महायुद्धांनी घातला. पहिल्या युद्धात चांदी इतकी महागली की रुपया वितळवणं फायद्याचं होऊ लागलं. सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली, तर अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने आपले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानच्या टांकसाळींसाठी चांदी दिली. दुसऱ्या युद्धात १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली. पूर्ण कसाचा शेवटचा रुपया १९३९ चा, आणि तो आज क्वचितच अस्सल मिळतो. नवा हलक्या कसाचा रुपया आल्यावर जुने चांगले रुपये लोकांनी दडवले, म्हणून सरकारने ते चलनातूनच काढले: व्हिक्टोरियाचे १ एप्रिल १९४१ पासून, सातव्या एडवर्डचे ३१ मे १९४२ नंतर, पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचे पूर्ण कसाचे १ मे १९४३ पासून. जमा झालेली नाणी भट्टीत गेली. १९४७ मध्ये वाघाचं चित्र असलेला रुपया आला तो निकेलचा.

म्हणून आज हाती येणारा राणीछाप रुपया हा बहुधा कुणीतरी त्या वेळी सरकारात जमा न केलेला असतो. कधी तो गाठोड्यात राहिलेला, कधी माळेत ओवलेला. काठावर कडी जोडल्याची खूण असेल तर नाण्याची किंमत उतरते, पण ती कडी जोडली म्हणूनच ते भट्टीतून वाचलेलं असतं.