लॉकबॉक्सची किल्ली स्वतःच्या नावावर: न्यू जर्सीतल्या होम इन्स्पेक्टरसाठी अर्जाची माहिती

न्यू जर्सीत घर विकायला निघालं की दोन-चार दिवसांत पुढच्या दाराच्या नॉबला किंवा पायऱ्यांच्या कठड्याला एक जड पेटी लटकते. तिच्या पोटात घराची किल्ली असते. एजंट येतो, फोनवरचं अ‍ॅप उघडतो, पिन टाकतो, पेटीजवळ फोन धरतो. खालचा कप्पा सुटून हातात येतो आणि त्यात किल्ली. हाच लॉकबॉक्स. आपल्याकडे रिकाम्या फ्लॅटची किल्ली वॉचमनकडे किंवा शेजारच्या काकूंकडे ठेवतात. इथे ते काम ही पेटी करते, आणि कोण कधी आलं याची नोंदही तीच ठेवते.

खरेदीदाराच्या वतीने घर तपासणाऱ्या होम इन्स्पेक्टरला ही पेटी स्वतःच्या नावावर उघडता येते का, हे मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत मला नेहमी विचारलं जातं. येते, पण सगळीकडे नाही, आणि आपोआप तर मुळीच नाही.

इथे किल्ली म्हणजे पेटी उघडायची अ‍ॅपमधली किल्ली. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेच्या लॉकबॉक्स नियमांनुसार तिच्यावर पहिला हक्क एमएलएसमध्ये, म्हणजे विक्रीच्या घरांच्या सामायिक यादीत, सहभागी असलेल्या ब्रोकरचा आणि त्यांच्या परवानाधारक एजंटांचा. इन्स्पेक्टर, अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा) अशा संबंधित व्यावसायिकांना रिअल्टर्सची स्थानिक संघटना सहयोगी सभासद करून घेऊन किल्ली देऊ शकते. ‘देऊ शकते’ हे शब्द नीट लक्षात घ्या, कारण द्यायची की नाही हे ती संघटना ठरवते. एका काउंटीत मिळते आणि पुढच्या काउंटीत नाही, असंही होतं. म्हणून पैसे भरण्याआधी तुमचं बहुतेक काम ज्या भागात आहे तिथल्या संघटनेला दोन प्रश्न विचारा: इन्स्पेक्टरला सहयोगी सभासद म्हणून किल्ली देता का, आणि तुमच्याकडे सुप्रा वापरतात की सेंट्रीलॉक? या लॉकबॉक्सच्या दोन कंपन्या, दोन्हींची अ‍ॅप वेगळी आहेत. एकीची किल्ली दुसरीच्या पेटीला चालत नाही.

किल्लीच्या आधी परवाना. न्यू जर्सीत परवान्याशिवाय पैसे घेऊन घर तपासणं बेकायदेशीर आहे. १८० तासांचं शिक्षण लागतं, त्यातले किमान ४० तास परवानाधारक इन्स्पेक्टरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष घरांमध्ये. मग नॅशनल होम इन्स्पेक्टर एक्झॅमिनेशन, चार तासांत २०० प्रश्न. शिवाय किमान पाच लाख डॉलरचा एरर्स अँड ओमिशन्स विमा, म्हणजे तपासणीत तुमच्याकडून काही सुटलं तर त्याची भरपाई करणारा. परवान्याचं काम राज्याच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सखालची होम इन्स्पेक्शन अ‍ॅडव्हायझरी कमिटी पाहते.

व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. एच-१बीवर ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याचकडे काम करता येतं, शनिवार-रविवारचं जोडकामसुद्धा त्यात बसत नाही. एच-४ वर असाल तर हातात ईएडी, म्हणजे काम करायचा सरकारी परवाना हवा. या पायरीवर घाई करून नंतर ग्रीनकार्डच्या फाइलमध्ये अडचण ओढवून घेऊ नका.

आता अर्जाची कागदपत्रं. चालू परवान्याची प्रत आणि सरकारी ओळखपत्र लागतंच. एरर्स अँड ओमिशन्स विम्याचं प्रमाणपत्र तयार ठेवा, आणि त्यासोबत जनरल लायबिलिटी विम्याचंही, कारण घरात काही मोडलं-फुटलं तर तोच उपयोगी पडतो. एलएलसी काढली असेल तर तिच्या नोंदणीचा कागद. मग सभासदत्वाचा अर्ज आणि फी, किल्लीची वेगळी फी, आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे किल्लीचा करार. नियमाप्रमाणे त्यावर किल्ली वापरणाऱ्याची सही लागते आणि त्याच्या फर्मच्या मालकाची, भागीदाराची किंवा अधिकाऱ्याचीही. दुसऱ्याच्या कंपनीत नोकरी करत असाल तर मालकाची सही आधी घेऊन ठेवा. तेवढ्या एका सहीसाठी अर्ज पडून राहतो. फीचे आकडे संघटनेगणिक वेगळे आहेत, ते त्यांच्याकडूनच घ्या.

अर्जात गुन्ह्यांविषयी प्रश्न असू शकतो. गेल्या सात वर्षांत शिक्षा झालेली असेल, आणि तो गुन्हा घरांच्या व्यवहाराशी संबंधित असेल किंवा त्यामुळे ग्राहकांना, इतर व्यावसायिकांना धोका संभवत असेल, तर संघटना किल्ली नाकारू शकते. प्रत्येक प्रकरणाचा वेगळा विचार होतो. लपवू नका, कारण लपवलेलं उघडकीला आलं तर पुन्हा विश्वास बसणं कठीण.

एवढा खटाटोप कशाला, एजंट कोड पाठवतोच की, असं कुणी म्हणेल. माझं ठाम मत आहे की तो कोड घेऊ नये. सुरुवातीच्या काळात एका एजंटने मला स्वतःचा कोड मेसेजवर पाठवला होता. मी घर तपासलं, दार लावलं, किल्ली पेटीत ठेवली. संध्याकाळी घरमालकाला मागचं स्लायडिंग दार उघडं सापडलं. पेटीच्या नोंदीत फक्त एजंटचं नाव, आणि तो म्हणाला की आपण तिथे गेलोच नव्हतो. दुपारी आणखी कुणी आलं होतं का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी दार लावलं होतं हे मला पक्कं माहीत होतं, पण दाखवायला एक ओळ नव्हती. त्या घरात दोन लहान मुलं होती. ती गोष्ट अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

आता उलट बाजू. किल्ली तुमच्या नावावर असेल तर तुम्ही कुठली पेटी किती वाजता उघडली हे नोंदीत राहतं. ज्याच्या नावाची किल्ली त्यानेच ती वापरायची, हा नियम कडक आहे. मदतनीसाला पिन सांगायचा नाही, भावाला नाही, बायकोला नाही. फोन हरवला तर लगेच कळवायचं, दुसऱ्या दिवशी नाही. नियम मोडला तर दंड होतो, किल्ली बंदही होते.

आणि किल्ली मिळाली म्हणजे घरात शिरायची परवानगी मिळाली असं नाही. पेटी लावायलाच विक्रेत्याची लेखी संमती लागते, आणि प्रत्येक भेटीची वेळ लिस्टिंग एजंटकडून, म्हणजे विक्रेत्याच्या एजंटकडून, नक्की करून घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी हे शोइंगटाइमसारख्या, भेटीच्या वेळा ठरवायच्या अ‍ॅपवरून होतं. खरेदीदाराशी तपासणीचा लेखी करार झालेला नसेल तर पेटीला हातच लावू नका. किल्ली असली तरी खरेदीदाराचा एजंट हजर असावा असं काही विक्रेते सांगतात. ते पाळा, घर त्यांचं आहे.

किल्लीचा खरा उपयोग रेडॉनच्या वेळी कळतो. न्यू जर्सीत एजंटांनी तयार केलेल्या करारावर सह्या झाल्या की वकिलांना तीन कामाचे दिवस मिळतात, तोच अ‍ॅटर्नी रिव्ह्यू. तो संपला की तपासणीची मुदत सुरू होते, आणि ती मोजक्या दिवसांची असते. त्या दिवसांत घर, वाळवी, जमिनीत पुरलेली जुनी तेलाची टाकी, रेडॉन, सगळं उरकायचं. रेडॉन हा जमिनीतून बेसमेंटमध्ये साचणारा किरणोत्सारी वायू. हवेत लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त सापडला तर उपाय करायला सांगतात. तो मोजायचा डबा घरात किमान ४८ तास ठेवावा लागतो, आधीचे १२ तास आणि पूर्ण चाचणीभर खिडक्या-दारं बंद. म्हणजे डबा ठेवायला एकदा आणि उचलायला पुन्हा एकदा जायचं. (रेडॉन मोजायला राज्याच्या पर्यावरण खात्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, होम इन्स्पेक्टरचा परवाना त्याला पुरत नाही.) दुसऱ्या भेटीचं काम पाच मिनिटांचं. तेवढ्यासाठी एजंटने तासभर गाडी हाकत यायचं म्हटलं की डबा एक-दोन दिवस जास्त पडून राहतो, निकाल लांबतो आणि मुदत तोंडावर येते. अशा वेळी स्वतःची किल्ली असलेला इन्स्पेक्टर खरेदीदाराचे दोन दिवस वाचवतो.

कुठल्याही एजंटला खुश ठेवणं हे आपलं काम नाही. संघटनेत शिरल्यावर ओळखी होतात, कामं मिळतात, ते ठीक. पण काम दिल्याबद्दल एजंटला पैसे किंवा भेटवस्तू देणं अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्सच्या आचारसंहितेत बसत नाही. आपण तपासलेल्या घराची दुरुस्ती वर्षभर पैसे घेऊन करायची नाही, असंही ती सांगते. सहयोगी सभासद झालात तरी तुमचं उत्तरदायित्व तपासणीचे पैसे देणाऱ्या खरेदीदाराशी.

निघतानाची माझी ठरलेली पद्धत सांगतो. थर्मोस्टॅट जिथे होता तिथे परत, कारण फर्नेस किंवा एसी तपासताना तो हलवलेला असतो. ओव्हन बंद. अ‍ॅटिकची शिडी वर, दिवे बंद, मागचं आणि गॅरेजकडचं दार हाताने ओढून पाहायचं. पुढच्या दाराला कुलूप लावून किल्ली कप्प्यात ठेवायची आणि कप्पा वर दाबायचा, टक् असा आवाज येईपर्यंत. हिवाळ्यात कप्प्यात बर्फ अडकला तर तो आवाज येत नाही, कप्पा नुसता टेकून राहतो. अशा वेळी हातमोजे काढून कडेचा बर्फ नखाने खरवडायचा आणि पुन्हा दाबायचा. मग पेटी एकदा खाली ओढून पाहायची, आणि त्यानंतरच गाडीकडे वळायचं.