चित्रशाळा (गोमंतकातील आकृतिप्रधान चित्रकाराची)

मानवी आकृती हाच ज्याच्या चित्राचा मुख्य विषय असतो, अशा चित्रकाराची कामाची जागा आणि तेथील त्याची कामाची रीत, ह्या दोहोंचा विचार ह्या नोंदीत केला आहे. मराठी कलाव्यवहारात ह्या जागेला ‘स्टुडिओ’ हाच शब्द अधिक रुळलेला आहे. ‘चित्रशाळा’ म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला पुण्यात १८७८ मध्ये निघालेला त्या नावाचा छापखाना आठवेल. गोव्यात मात्र ह्या शब्दाचा रोजचा अर्थ वेगळा आहे. चतुर्थीच्या आधी गणपतीच्या मूर्ती जेथे घडतात आणि रंगतात, ती गावातील जागा म्हणजे चित्रशाळा. हा अर्थ बाजूला ठेवून गोव्यातील आकृतिचित्रणाविषयी लिहिता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गणपतीच्या चित्रशाळेत घरोघरचे पाट आधी येऊन पडतात आणि ज्या घरचा पाट, त्याच पाटावर त्या घरची मूर्ती उभी राहते. मूर्ती किती उंच, बैठक कशी, सोवळे कोणत्या रंगाचे, हे बहुधा घराण्याच्या रिवाजाने ठरलेले असते. चिकणमाती वाळली की पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग वस्त्रे आणि दागिने असा क्रम चालतो. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती सहसा घरातील जाणत्या हातासाठी राखून ठेवलेली असते. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढावी लागते. ती थरथरली तर मूर्तीची नजर फिरते आणि पुसून पुन्हा काढलेली रेघ ओळखू येते. येथे समोर कोणी बसलेले नसते. अंगाची मापे आणि चेहऱ्याची ठेवण हातात मुरलेली असते व एका पिढीकडून दुसरीकडे जाते. गोव्यात वाढलेल्या पुष्कळ चित्रकारांनी रंगवलेली पहिली मानवाकार आकृती अशाच एखाद्या जागी पाहिलेली असते. लाकडावर रंगकाम करणाऱ्यांसाठी गोव्यात प्रचलित असलेला ‘चितारी’ हा शब्दही ‘चित्रकार’ ह्या संस्कृत शब्दाशी नाते सांगतो.

गोव्यातील आकृतिचित्रणाचा आरंभ कोठून धरावा, ह्याबद्दल एकमत नाही. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी, पणसायमळ (उसगाळीमळ) येथे जांभ्या दगडाच्या सपाटीवर कोरलेली बैल, हरिण व मानवी आकृतींची चित्रे १९९० च्या दशकात अभ्यासकांसमोर आली. काही विद्वान ती मध्याश्मयुगात नेतात, काही नवाश्मयुगात, तर काही त्याहून अलीकडची मानतात. कोरीव रेषेचा काळ थेट मोजण्याचे साधन हाती नसल्यामुळे शैली आणि परिसरातील हत्यारे ह्यांवरच ही मते उभी आहेत, म्हणून कोणतेही सहस्रक ठामपणे लिहिणे टाळलेले बरे. गोमंतकीय कलेच्या इतिहासाला ह्या चित्रांपासून सुरुवात करण्याचा प्रघात पडला आहे. तो सन्मान म्हणून योग्य असला, तरी त्या कातळावरून चित्रकाराच्या खोलीपर्यंत सलग वाट काढता येत नाही.

दुसरे मत सोळाव्या शतकाकडे बोट दाखवते. पोर्तुगीज गव्हर्नर दों जुआंव दे कास्त्रो ह्याने १५४७ मध्ये आपल्या आधीच्या गव्हर्नरांची व्यक्तिचित्रे गोव्याच्या राजवाड्यासाठी करवून घेतली. इतिवृत्तकार गास्पार कोर्रेया ह्याने ही हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्याला रेखाटन येत होते आणि आपण त्या माणसांना पाहिलेले होते म्हणून हे काम आपल्याकडे आले, आणि रंगवण्यासाठी ह्याच भूमीतील, उपजत हातोटीचा एक चित्रकार सोबत घेतला, असा त्याच्या कथनाचा आशय आहे. त्या चित्रकाराचे नाव कोर्रेया देत नाही. हे वाक्य गोमंतकीय कलेच्या दृष्टीने अमोल आहे, कारण युरोपीय धर्तीचे व्यक्तिचित्र रंगवणारा स्थानिक हात येथे प्रथमच कागदोपत्री भेटतो. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, ही चित्रे बहुतांशी समोर नसलेल्या, काही तर हयात नसलेल्या माणसांची होती. म्हणजे एकाच्या आठवणीवरून दुसऱ्याने रंगवलेली. मॉडेल बसवून केलेल्या कामाशी त्यांची तुलना करताना हे अंतर विसरू नये. दुसरी, लाकडी फळ्यांवरील ह्या चित्रमालिकेत पुढील प्रत्येक राजवटीची भर पडत गेली, ती एका वाड्यातून दुसऱ्यात हलली आणि दमट हवेने खराब झालेले भाग निरनिराळ्या काळी वरून रंगवले गेले. मालिकेचा मोठा भाग आज जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तेथे उभे राहून पाहताना नजर जिच्यावर पडते, ती बहुतेक ठिकाणी नंतरच्या हाताची कातडी असते. त्या पहिल्या अनामिक चित्रकाराविषयी शैलीच्या आधारे फार बोलणे म्हणूनच धाडसाचे ठरते. शिवाय ही कार्यशाळा दरबाराची होती. तिची परंपरा गावात उतरल्याचा सलग धागा सापडत नाही.

तिसरे मत, ज्याकडे प्रस्तुत नोंदीचा कल आहे, आधुनिक गोमंतकीय चित्रशाळेचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाहते. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेले सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि त्यानंतर शहराशहरांत निघालेले फोटो स्टुडिओ, ही तिची दोन उगमस्थाने होत. ह्यांपैकी दुसऱ्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. लक्ष्मण पै (१९२६–२०२१) ह्यांची रंगांशी पहिली ओळख मडगावात मामांच्या फोटो स्टुडिओत झाली. कृष्णधवल छायाचित्रांवर ते तेलरंगाचा हलका हात देत असत. ह्या कामात चेहऱ्याचा छायाप्रकाश आधीच तयार असतो, रंगणाऱ्याने फक्त गालाची लाली, ओठ, साडीचा काठ एवढेच सांभाळायचे असते. काठाच्या बाहेर गेलेला रंग कापसाने लगेच टिपावा लागतो. छायाभेद आणि रंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा कलाशाळेत जाण्यापूर्वीच हाताला मिळतो. पै ह्यांच्या नंतरच्या चित्रांत सपाट रंगक्षेत्रे आणि वळणदार बाह्यरेषा एकमेकींपासून इतक्या स्पष्ट का राहतात, ह्याचे एक उत्तर येथे असू शकेल. दुसरे अर्थातच भारतीय लघुचित्रांत आहे.

अंतोनियु झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे जे. जे. मध्ये शिकलेले आणि तेथेच शिकवणारे गोमंतकीय चित्रकार. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्राँ ह्याच्यावरून त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्राँ’ म्हणत. ही उपाधी प्रमाणाबाहेरची आहे, पण गडद पार्श्वभूमीतून चेहरा आणि हात तेवढे उजेडात आणण्याची त्यांची रीत तिने नेमकी पकडली आहे. त्यांच्या उत्तम चित्रांतील माणसे पुष्कळदा घरची आहेत. पत्नी आणि मुली पुनःपुन्हा येतात, कधी वाचताना, कधी नुसत्या बसलेल्या. घरच्या माणसाला बसवण्यात पैशाची बचत होतीच, पण खरा लाभ वेळेचा होता. भाड्याचे मॉडेल तासांनी मोजले जाते. घरातील माणूस महिनोन्‌महिने त्याच खुर्चीत परत येऊन बसते आणि चित्रकाराला त्याचे थकणे, वय वाढणेही दिसत राहते. त्यांची कन्या आंजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) ह्याच घरात वाढून चित्रकार झाली, आणि ख्रिस्ती विषय भारतीय वळणाने रंगवण्याकडे वळली.

बैठकीची (‘सिटिंग’ची) पद्धत सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखीच आहे. वीस-पंचवीस मिनिटे पोझ, पाच मिनिटे विश्रांती. उठण्यापूर्वी खुर्चीच्या पायांभोवती आणि पावलांभोवती खडूने खुणा केल्या जातात, म्हणजे परत बसताना जागा चुकत नाही. साडीच्या चुण्या मात्र कधीच तशा परत पडत नाहीत, म्हणून अनुभवी चित्रकार वस्त्र एकाच बैठकीत उरकतो किंवा लाकडी पुतळ्यावर वेगळे मांडून ठेवतो. प्रथम कोळशाचे रेखाटन, मग पातळ टर्पेंटाइनमध्ये तपकिरी रंगाने छायाभेद, मग अंगवर्ण असा क्रम असतो. वरचा थर खालच्यापेक्षा अधिक तेलकट हवा, हा तेलरंगाचा मूळ नियम आहे. तो मोडला तर वर आधी सुकलेला रंग खालच्या ओल्या रंगावर तडकतो.

प्रकाश आणि हवा ह्या दोन बाबतींत गोव्याचा प्रश्न ग्रंथांतील प्रश्नापेक्षा वेगळा आहे. युरोपीय हस्तपुस्तके चित्रशाळेला उत्तरेची खिडकी सांगतात, कारण तिकडे उत्तरेकडून थेट ऊन येत नाही आणि दिवसभर छाया स्थिर राहते. पणजी साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे डोक्याच्या उत्तरेला असतो. जूनच्या उत्तरार्धात तो सुमारे आठ अंश उत्तरेला सरकलेला असतो. मध्यान्हीचे ऊन वळचणीमुळे आत येत नाही. त्रास होतो तो सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या किरणांचा, कारण त्या दिवसांत सूर्य ईशान्येच्या बाजूला उगवतो आणि वायव्येच्या बाजूला मावळतो. जूनपासून ढग हा प्रश्न सोडवतात, पण मे महिन्यात उत्तरेची खिडकी भरवशाची राहत नाही. जुन्या गोमंतकीय घरांत ह्यावर नकळत एक उपाय झालेला होता. काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदाने लाकडी चौकटींत बसवलेली असत. त्यांतून येणारा उजेड दुधट आणि पसरट असतो. नाकाखालची सावली कडक न पडता विरत जाते. दार उघडे असेल तर अंगणातील तांबड्या मातीवरून उसळलेला उजेड हनुवटीखाली लालसर छटा देतो आणि माड-फणसांची हिरवी छटा कपाळाच्या छायेतील बाजूला उतरते. गोव्यात घरात बसून रंगवलेल्या चेहऱ्यांच्या सावल्या करड्या का नसतात, हे अशा खोलीत अर्धा तास बसले म्हणजे कळते.

पावसाळ्यात वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. बल्कांवाला (घराच्या दर्शनी ओसरीला) विणलेल्या झावळ्यांचे झाप लागतात आणि खोली अंधारते. कॅनव्हासावरचा सरसाचा थर दमटपणाने मऊ पडून कापड ढिले होते. हवा फारच ओली झाली तर उलट धागेच आखडून ते ताणले जाते. स्ट्रेचरच्या (कापड ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीच्या) कोपऱ्यांतील पाचरी ठोकून ढिलाई काढण्याचा मोह होतो, परंतु जुलैत ठोकलेली पाचर जानेवारीच्या कोरड्या हवेत रंगाला भेगा पाडते. जाणते चित्रकार म्हणून पावसात पाचरीला हात लावत नाहीत. जवसाचे तेल पाणी उडून सुकत नाही, ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते, आणि ओलसर दिवसांत ही क्रिया रेंगाळते. मँगनीजयुक्त अंबर हा तपकिरी मातीचा रंग लवकर सुकतो, हस्तिदंती काळा अनेक दिवस ओला राहतो, म्हणून पावसाळ्यात खालच्या थरात काळा टाळून अंबर वापरणे शहाणपणाचे ठरते. जांभ्याची भिंत ओल धरते. तिला टेकवून ठेवलेल्या चित्राच्या पाठीवर सरस खाणारी बुरशी धरते. भिंत आणि चित्र ह्यांमध्ये दोन बोटे जागा सोडणे एवढाच ह्यावरचा साधा इलाज आहे.

आंजेलु द फोन्सेका (१९०२–१९६७) ह्यांनी हा तेलरंगाचा मार्गच सोडला. जुवें (सांत इस्तेव) बेटावर जन्मलेले फोन्सेका जे. जे. सोडून बंगालकडे गेले, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बसू ह्यांच्या परंपरेत शिकले आणि कागदावर पारदर्शक जलरंगाचे थर देत, मधूनमधून कागद पाण्याने धुऊन रंग आत मुरवण्याची पद्धत त्यांनी आत्मसात केली. साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची मरिया त्यांनी रंगवली, तेव्हा तत्कालीन गोव्यातील धार्मिक वर्तुळांत ती रुचली नाही. ते पुण्यास गेले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमातील खोली हीच त्यांची चित्रशाळा झाली. धुण्याच्या पद्धतीला इझल (चित्र उभे ठेवण्याची घोडी) लागत नाही. सपाट मेज, पाण्याचे भांडे आणि संयम लागतो. आश्रमाच्या शिस्तीशी ही रीत जुळली असावी.

साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२) ह्यांच्या बाबतीत मॉडेलचा प्रश्नच वेगळा होतो. जे. जे. मधून काढले गेलेले सोझा १९४७ मध्ये मुंबईतील प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप ह्या आधुनिक चित्रकारांच्या गटाचे एक संस्थापक झाले, १९४९ मध्ये लंडनला गेले आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कला. त्यांच्या आकृती काळ्या, जाड, आडव्या-उभ्या रेघांनी बांधलेल्या आहेत, आणि डोळे अनेकदा कपाळावर चढलेले असतात. बालपणी चर्चमध्ये पाहिलेले क्रूसावरचे, जखमांचे शरीर ह्या आकृतींच्या मुळाशी आहे, असे बहुतेक समीक्षक मानतात व ते पटण्याजोगे आहे.

छपाईसाठी आकृती रंगवणाऱ्या दीनानाथ दलाल (मडगाव, १९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर ह्या गोमंतकीयांची चित्रशाळा मुंबईत होती. मासिकांची मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका ह्यांच्या मुदतीवर ती चाले. मुळगावकरांनी स्प्रेने त्वचेला दिलेली गुळगुळीत झाक मराठी घरांच्या भिंतींवर दीर्घकाळ राहिली. ह्या कामाला कलेतिहासात दुय्यम स्थान देण्याची रीत अन्यायाची आहे.

गोव्यातच राहून आकृतिचित्रणाचे पद्धतशीर शिक्षण घेण्याची सोय १९७२ मध्ये पणजीच्या आल्तिनो टेकडीवर गोवा कला महाविद्यालय सुरू झाल्यावर झाली. १९७७ ते १९८७ ह्या काळात लक्ष्मण पै तेथे प्राचार्य होते. त्रिंदाद पितापुत्रींची चित्रे पणजीत फुंदासांव ओरियेंत ह्या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आणि फोन्सेकांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. फोन्सेकांच्या कागदांवर, प्रकाशाकडे तिरपे धरून पाहिल्यास, धुतलेल्या थरांचे काठ एकाखाली एक दिसतात.