मोटर एअर धरते तेव्हा

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, तू काही बोलू नकोस, फक्त ऐक," असं म्हणून त्याने फोन कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला टेकवला. पलीकडे कोणीतरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतंय, असा आवाज.

लालबागच्या दोन खोल्यांत बसून हा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मे महिन्यात तिथे पंख्याचा वारासुद्धा गरम लागतो. म्हणून त्याने लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून कॉम्प्युटरला पाण्याचं कूलिंग बसवलं. पंप, पारदर्शक टाकी, प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ब्लॉक, कॅबिनेटच्या छताला रेडिएटर आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या. (एवढ्या पैशांत एसी आला असता, हे मी एकदाच बोललो.) पाणी भरलं, थेंबभरही गळलं नाही, तरी प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे.

"रेडिएटरला हात लाव," मी म्हटलं.

"कोमटसुद्धा नाही."

म्हणजे उष्णता प्रोसेसरपाशीच अडून बसली होती. पाणी फिरतच नव्हतं, किंवा फिरल्यासारखं करत होतं.

आमच्या सोसायटीत गच्चीवरची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी कोणाचा ना कोणाचा नळ नुसता फुसफुसतो. टाकी भरलेली, व्हॉल्व्ह उघडा, पाणी मात्र नाही. पाइप जिथे वर चढून पुन्हा खाली उतरतो, त्या उंचवट्यावर हवा बसते आणि पाण्याचा थोडका दाब तिला हलवू शकत नाही. प्लंबर चालू नळाचा पाइप बंद नळाला जोडून उलटं पाणी चढवतो, चार उचक्या देऊन नळ सुरू होतो. पंपाचंही तसंच. "मोटर एअर धरते" असं आपला वॉचमन म्हणतो, ते शब्दशः खरं आहे. पंपाचं चक्र पाण्याला गरगर फिरवून कडेला फेकतं. हवा पाण्याच्या आठशेव्या हिश्शाइतकी हलकी, ती फेकली जात नाही, मधोमध साचते. मग चक्र नुसतं हवेत घुमतं. कॉम्प्युटरच्या छोट्या पंपात बेअरिंगला वंगण म्हणून फिरणारं पाणीच असतं, त्यामुळे तो कोरडा चालवला की झिजतो. टाकी पंपाच्या वर आणि भरलेली हवी, ती यासाठी.

भाच्याने काय केलं, तर पंपाचा वेग पूर्ण वाढवला. सगळे हेच करतात. हवेला जोरात ढकलून बाहेर काढू, असं वाटतं. झालं उलटंच, टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. मोठे बुडबुडे पंपात चिरडून त्यांचा फेस झाला होता. दोन-तीन मिलिमीटरचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला वीसेक सेंटिमीटर वर चढतो, पण एक दशांश मिलिमीटरचा बुडबुडा जेमतेम अर्धा सेंटिमीटर. असे बारीक बुडबुडे टाकीत वर यायच्या आधीच पाण्याबरोबर पुन्हा पंपात ओढले जातात.

खरी गंमत रेडिएटरमध्ये आहे. नळीचा आतला व्यास १० मिलिमीटर आणि प्रवाह मिनिटाला ४ लिटर धरला, तर पाण्याचा वेग सेकंदाला ८५ सेंटिमीटर येतो. अशा नळीतून बुडबुडा खालच्या दिशेनेही मुकाट्याने फरपटत जातो. तेच पाणी रेडिएटरच्या टोकाच्या कप्प्यात शिरलं की जागा एकदम ऐसपैस. कप्प्याचा छेद दहा चौरस सेंटिमीटर असेल, तर वेग सातवर उतरतो. वीसच्या वेगाने वर चढणाऱ्या बुडबुड्याला सातचा प्रवाह काय अडवणार? तो छताला जाऊन चिकटतो आणि मागून येणारे त्याला मिळत जातात. भाच्याचा रेडिएटर आडवा, नळ्यांची तोंडं खालून. छताशी साचलेल्या हवेला बाहेर पडायला दारच नव्हतं.

तरीही रेडिएटरमधल्या हवेला मी फारसा घाबरत नाही. मिनिटाला ४ लिटर पाणी ३०० वॉट उष्णता घेऊन चाललं, तर ते जेमतेम एक अंशाने तापतं. प्रवाह अर्ध्या लिटरवर आला तरी नऊ अंशांच्या आतच. प्रवाह मंदावल्याने कॉम्प्युटर सहसा जळत नाही. हवा पंपात किंवा ब्लॉकच्या कंगव्यासारख्या बारीक खाचांत अडकली, की मग खैर नाही. हवेतून उष्णता पाण्याच्या वीसपट वाईट वाहते.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पहिलं काम, मदरबोर्डची वीज पूर्ण बंद. पॉवर सप्लायच्या २४ पिनी प्लगला छोटा जम्पर (मदरबोर्डशिवाय सप्लाय सुरू करणारी तार) लावला आणि फक्त पंप चालू ठेवला. पाणी सांडलंच तर निदान मेल्या वस्तूवर सांडेल. टाकीचं झाकण उघडं. नळ्यांची तोंडं होती त्या बाजूला कॅबिनेटखाली एकावर एक दोन पाट सरकवले. पंप मंद वेगावर दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद. बंद असताना बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि उंच केलेल्या टोकाकडे जमतात. पंप चालू केला की तिथलं वेगवान पाणी त्यांना नळीत ओढतं. चौथ्या फेरीला पारदर्शक नळीतून वाटाण्याएवढा बुडबुडा खाली घसरत आला. मग दुसरा. मग बोटभर लांबीची हवेची अख्खी कांडी आली, टाकीत "बुडुक्" झालं आणि पाणी दोन बोटं खाली गेलं. भाच्याच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "माझे पाट कुठे गेले?"

सगळी हवा गेली का, हे कळायला एक जुनी युक्ती आहे. टाकीवर पाण्याच्या पातळीशी मार्करने रेघ मारायची आणि पंप सुरू करायचा. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. हा बॉइलचा १६६२ सालचा नियम. आत कुठे १०० मिलिलिटर हवा लपली असेल आणि पंपाने तिथला दाब पाचव्या हिश्शाने वाढवला, तर ती ८३ मिलिलिटरमध्ये आवळते. आवळल्याने कमी झालेल्या १७ मिलिलिटरइतकंच पाणी टाकीतून खाली जातं, पंप बंद केला की परत वर येतं. मऊ नळ्या किंचित फुगतात, म्हणून केसभर फरक सोडून द्यायचा. आमचा फरक नखभर होता. मी तिथेच थांबायला सांगितलं.

कारण उरलेली हवा आणखी काही दिवस येतच राहते. पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापलं की सुटते. २५ अंशांना लिटरभर पाण्यात ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ४० अंशांना साधारण ६.४. मुंबईच्या उन्हाळ्यात, तेही रात्रभर एडिटिंग चालू असताना, कूलिंगचं पाणी चाळिशीला सहज पोचतं. भाच्याने केमिस्टकडून मोठी सिरिंज आणली आहे. चार दिवसांनी त्याने सिरिंजने १५ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घातलं, पुढच्या आठवड्यात पाच. नंतर पाणी रेघेवरून हललं नाही. प्रोसेसर आता ७० अंशांच्या आसपास असतो, आणि पाट परत देव्हाऱ्यासमोर गेले आहेत.